लेझरने हवा मोजायचा कोर्स कुठे मिळतो?

ताई, नमस्कार.

मुलगी बारावी सायन्सला आहे, हवेतला कार्बन डायऑक्साइड ऋतूंप्रमाणे कसा बदलतो ते तिला लेझरने मोजायचंय, आणि तिचे बाबा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगवर अडून बसलेत. कोर्स कुठे आणि नोकरी लागेल का, असं तुम्ही विचारलंय.

या नावाचा कोर्स शोधू नका, सापडणार नाही. काम काय असतं ते आधी बघा. जवळजवळ सारख्याच तरंगलांबीचे दोन लेझर हवेत सोडतात. एक कार्बन डायऑक्साइडमध्ये शोषला जातो, दुसरा फारसा नाही. परतलेल्या प्रकाशातल्या फरकावरून वायूचं प्रमाण कळतं आणि परतायला लागलेल्या वेळेवरून अंतर. हे लायडारचं तंत्र. ऐकायला सोपं आहे, पण हा वायू हवेच्या दहा लाख भागांत सव्वाचारशेच्या आसपास. हवाई बेटावरच्या मौना लोआ वेधशाळेत 1958 पासूनच्या नोंदी आहेत. तिथे मे महिन्यातला उच्चांक आणि आपल्याकडच्या पावसाळ्याअखेरचा नीचांक यांत जेमतेम सहा-सात भागांचा फरक. मोजणीत एक टक्का चूक झाली की यातला निम्म्याहून जास्त फरक बुडाला! पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सिंहगडावरही हा वायू मोजलाय. तिथे तो पावसाळ्याआधी सर्वांत जास्त आणि पावसाळ्यानंतर सर्वांत कमी आढळला.

म्हणून पाया फिजिक्सचा. प्रयोगशाळेत हात काळे करायला आवडत असेल तर बीएस्सी फिजिक्स, मग ‘जॅम’ ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी, किंवा पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्र. बाबांचंही अगदीच चूक नाही: आलेला सिग्नल गोंगाटातून वेगळा काढणं हे निम्मं काम कॉम्प्युटरवरच होतं. फक्त कॉम्प्युटर घेतलं तर ऑप्टिक्स (प्रकाशशास्त्र) नंतर स्वतःहून शिकावं लागेल.

नोकरीचं स्पष्ट सांगते. पीएचडीशिवाय इथे फारसं काही नाही, आणि कायमच्या जागा मोजक्या. तिशी जवळ येईपर्यंत फेलोशिपवर राहायची घरच्यांची तयारी हवी. एक दिलासा आहे. यातले बरेच लेझर 1.57 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास चालतात आणि फायबर इंटरनेटची यंत्रसामग्रीही त्याच पट्ट्यातली, त्यामुळे हे कौशल्य उद्योगातही खपतं.

28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला पुण्यातल्या बऱ्याच संशोधन संस्था लोकांसाठी खुल्या असतात. तिला आणि बाबांना, दोघांनाही न्या. तिथल्या पीएचडीच्या मुलांना एवढंच विचारा, की आठवड्यातले किती तास यंत्रापाशी जातात आणि किती स्क्रीनसमोर.