वाचकांचे प्रश्न : धडक, आवाज आणि गाडीचा सांगाडा

अपघातात प्रवाशांचा बचाव करण्यासाठी आणि गाडीतला आवाज कमी करण्यासाठी वाहन-अभियंत्यांनी लावलेल्या शोधांविषयी गेल्या अंकात लिहिले होते. त्यावर बरीच पत्रे आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांतील काहींची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : जुन्या गाड्यांचा पत्रा जाड असे आणि लहानसहान धडकेत त्यांना फारसे काही होत नसे. आताच्या गाडीचे नाक मात्र कागदासारखे चुरगळते. मग आताची गाडी अधिक सुरक्षित, हे कशाच्या आधारावर म्हणायचे?

उत्तर : गाडीला काही झाले नाही म्हणजे आतल्या माणसालाही काही झाले नसेल, असा समज या प्रश्नामागे आहे आणि तो नेमका उलटा आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर अंतर कापत असते. समजा, ती भिंतीवर आदळली आणि तिचे नाक ६० सेंटीमीटर दबले, तर आत पट्टा लावून बसलेल्या माणसाला थांबण्यासाठी साधारण ०.०९ सेकंद मिळतात आणि त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी सोळापट जोर येतो. तीच गाडी अवघी ५ सेंटीमीटर दबली, तर हा जोर जवळजवळ दोनशेपट होतो. पहिल्या प्रसंगातून माणूस वाचू शकतो, दुसऱ्यातून वाचण्याची आशा जवळपास नसते. म्हणजे गाडीचे चुरगळणे हे प्रवाशासाठी विकत घेतलेले अंतर आहे.

ही गोष्ट अभियांत्रिकीच्या भाषेत प्रथम स्पष्टपणे मांडली ती बेला बारेनी यांनी. १९०७ साली व्हिएन्नाजवळ जन्मलेले बारेनी १९३९ पासून डाइम्लर-बेन्झ कंपनीत काम करत होते. त्यांनी १९५१ मध्ये ज्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिच्यात मधली बैठकीची पेटी कडक आणि पुढचे व मागचे भाग टोकाकडे क्रमाने मऊ होत जाणारे होते. तोपर्यंत गाडी जितकी कडक तितकी चांगली, असेच सर्वांना वाटत होते. १९५९ मध्ये मर्सिडीजच्या एका मालिकेत ही रचना प्रत्यक्ष विक्रीला आली. आज बंपरच्या मागून निघणाऱ्या दोन लांब पोकळ तुळयांवर मुद्दाम खाचा पाडलेल्या असतात, त्या याच विचारातून. खाचा नसतील तर तुळई मध्येच कोठेतरी वाकून कुचकामी होते. खाचा असल्या की ती भात्यासारख्या घड्या घालत दबते आणि प्रत्येक घडी थोडी थोडी ऊर्जा गिळते. ही ऊर्जा थोडीथोडकी नसते. १,२०० किलो वजनाच्या गाडीत ताशी ५० किलोमीटर वेगाला सुमारे १ लाख १६ हजार ज्यूल ऊर्जा असते आणि वेग दुप्पट केला की ती चौपट होते. ताशी १०० किलोमीटरच्या धडकेत कोणत्याही गाडीकडून चमत्काराची अपेक्षा का करू नये, हे एवढ्या आकड्यावरून कळावे.

जुन्या गाडीचे नाक शाबूत राहत असे हे खरे, पण मोठ्या धडकेत बैठकीची पेटी दबत असे आणि स्टिअरिंगचा सरळ दांडा चालकाच्या छातीकडे येत असे. धडकेत स्वतःत मिटणारे किंवा मोडणारे दांडे नंतर आले.

प्रश्न : लेखात उल्लेख होता की एकाच अभियंत्याच्या नावावर धडकेतील बचावाची आणि आवाज कमी करण्याची अशी दोन्ही पेटंटे असू शकतात. या दोन विषयांचा परस्परांशी संबंध काय?

उत्तर : आलेल्या प्रश्नांत मला हा सर्वांत आवडला, कारण या व्यवसायातील खरी ओढाताण येथेच आहे. धडकेचा विचार करणारा आणि आवाजाचा विचार करणारा, या दोघांचेही काम एकाच सांगाड्यावर चालते आणि दोघांच्याही मनात एकच प्रश्न असतो : ऊर्जा कोणत्या वाटेने जाते? धडकेचा विचार करणाऱ्याला ही वाट अखंड हवी असते, म्हणजे बंपरपासून तुळईत, तुळईतून छत पेलणाऱ्या खांबात आणि गाडीच्या तळात जोर सरळ वाहत जावा. आवाजाचा विचार करणाऱ्याला तीच वाट जागोजागी तोडायची असते, कारण इंजिनाचे आणि रस्त्याचे कंपन त्याच पोलादातून आत येते आणि छताचा किंवा तळाचा रुंद पत्रा ते लाऊडस्पीकरच्या पडद्यासारखे ऐकवतो. म्हणून तो मध्ये रबर घालतो. इंजिन रबरी माउंटिंगवर, म्हणजे आधारांवर, बसवायचे, तेही उभे असताना गाडी थरथरू नये इतक्या मऊ. पण त्याच वेळी धडकेत ते अवजड इंजिन मागे सरकून प्रवाशांच्या पायांवर येऊ नये, तर माउंटिंग सुटून ते खाली जावे, अशी सोय करायची. या दोन मागण्या एकाच सुट्या भागाकडून पुऱ्या करून घेण्यात अभियंत्याचे कसब लागते.

कधी कधी मात्र एकाच उपायाने दोन्ही कामे होतात आणि माझ्या मते सर्वांत सुंदर शोध तेच. गाडीचे खांब आणि उंबरे (दारांखालच्या आडव्या तुळया) पोकळ असतात. मोकळे सोडले तर रस्त्याचा आणि वाऱ्याचा आवाज त्यांतून नळीतून यावा तसा आत येतो. म्हणून सांगाडा जोडतानाच त्यांत ठरावीक जागी एक लहान घन तुकडा बसवतात. पुढे रंग भाजण्याच्या भट्टीत दीडशे अंशांहून अधिक उष्णता लागली की तो अनेक पटींनी फुगतो आणि पोकळी बंद करतो. हा तुकडा मऊ फेसाचा असेल तर केवळ आवाज अडतो; फुगल्यावर कडक होणाऱ्या पदार्थाचा असेल तर धडकेत खांबाच्या भिंती आत कोसळत नाहीत, आणि हे साधताना वजनही फार वाढत नाही.

काचेची गोष्ट तर शंभर वर्षांहून जुनी आहे. एदुआर बेनेदिक्तस हे फ्रेंच रसायनतज्ज्ञ आणि चित्रकार. १९०३ मध्ये त्यांच्या हातून प्रयोगशाळेतील एक काचपात्र खाली पडले. ते तडकले, पण तुकडे विखुरले नाहीत, कारण आत सेल्युलोज नायट्रेटचा सुकलेला थर होता. त्यातून त्यांनी दोन काचांमध्ये पातळ थर चिकटवण्याची कल्पना काढली आणि १९०९ मध्ये पेटंट घेतले. समोरच्या काचेत आज पीव्हीबी नावाच्या प्लॅस्टिकचा थर असतो. त्याच थराच्या मध्यभागी आणखी मऊ पापुद्रा घातला की काचेचे कंपन त्यात जिरते आणि वाऱ्याची शीळ कमी होते. प्रवाशाला काचेचे तुकडे लागू नयेत म्हणून आलेला थर त्याच्या कानांनाही उपयोगी पडला.

प्रश्न : एअरबॅग असताना पट्टा लावण्याची सक्ती कशासाठी?

उत्तर : कारण पहिल्या उत्तरात सांगितलेले ६० सेंटीमीटर अंतर केवळ गाडीला बांधलेल्या माणसाला मिळते. पट्टा नसेल तर गाडी थांबत असताना माणूस मूळ वेगानेच पुढे जात राहतो आणि थांबलेल्या डॅशबोर्डवर आदळतो. तीन ठिकाणी अडकवलेला आजचा पट्टा नील्स बोलिन यांचा आहे. व्होल्वोत येण्यापूर्वी ते साब या स्वीडिश कंपनीत विमानातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या आसनांवर काम करत होते, त्यामुळे शरीरातील कोणते हाड किती जोर सोसते याची त्यांना चांगली जाण होती. जोर पोटावर न येता छातीच्या पिंजऱ्यावर आणि कमरेच्या हाडावर यावा, आणि पट्टा एका हाताने लावता यावा, या दोन्ही गोष्टी त्यांनी १९५९ मध्ये साधल्या. व्होल्वोने हे पेटंट इतर कंपन्यांना खुले केले.

एअरबॅगची कथा तितकी सुखाची नाही. अमेरिकेतील जॉन हेट्रिक यांनी १९५२ मध्ये कुटुंबासह जाताना गाडी खड्ड्यात गेल्यावर हवेच्या उशीची कल्पना मांडली आणि १९५३ मध्ये त्यांना पेटंटही मिळाले. परंतु दाबाखालील हवा सोडून पिशवी पुरेशा वेगाने फुगत नव्हती आणि धडक ओळखणारे विश्वासार्ह यंत्रही नव्हते. ॲलन ब्रीड यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस नळीतल्या गोळीचा साधा संवेदक केला, पुढे रासायनिक स्फोटाने वायू तयार करणारी कुपी आली, आणि गाड्यांत एअरबॅग दिसू लागली तोवर हेट्रिक यांच्या पेटंटची मुदत संपून गेली होती. आजची पिशवी ३० ते ४० सहस्रांश सेकंदांत, म्हणजे पापणी लवण्याच्याही आत, फुगते. इतक्या वेगाने समोर येणाऱ्या पिशवीवर पट्ट्याविना झुकलेला माणूस आपटला तर तीच त्याला इजा करते.

प्रश्न : गाडी शांत करण्यासाठी बाजारातून आणून डॅम्पिंग शीट (पत्र्यावर चिकटवायचा थर) लावणे किंवा खांबांत फेस भरून घेणे योग्य आहे का?

उत्तर : शीट लावण्यास हरकत नाही, खांबांत फेस भरू नये. छताच्या कडेला आणि खांबांच्या आवरणाखाली पडद्यासारखी एअरबॅग, तिच्या वायूची कुपी आणि तारा असू शकतात. पाणी वाहून जाण्याच्या वाटाही तेथेच असतात. त्या बुजल्या की आतून गंज धरतो. आसनाच्या कुशीत एअरबॅग असेल तर जाड कव्हर घालण्यापूर्वीही विचार करावा.

शीटविषयी एक गैरसमज आहे. ती आवाज अडवत नाही, तर पत्र्याचे थरथरणे जिरवते. म्हणून दाराच्या पत्र्याच्या मोकळ्या मध्यभागी लावलेला लहान तुकडाही बरेच काम करतो आणि सगळीकडे थर चढवून वजन तेवढे वाढते. त्याआधी दारांची रबरे आणि तारांसाठी पाडलेली भोके तपासावीत. एखाद्या भिंतीच्या क्षेत्रफळाचा अवघा एक टक्का भाग उघडा राहिला, तर उरलेली भिंत कितीही भक्कम केली तरी आवाज २० डेसिबलहून अधिक कमी होऊ शकत नाही.

प्रश्न : आवाजाने आवाज मारतात, हे खरे आहे का? आणि इलेक्ट्रिक गाडी मुळात शांत असताना तिला कृत्रिम आवाज कशासाठी देतात?

उत्तर : खरे आहे. पाउल ल्यूग या जर्मन शास्त्रज्ञांना उलट लहरीने, म्हणजे मूळ लहर चढते तेथे उतरणाऱ्या लहरीने, आवाज पुसण्याच्या कल्पनेचे अमेरिकन पेटंट १९३६ मध्येच मिळाले होते. ती राबवण्याइतकी चपळ इलेक्ट्रॉनिक्स तेव्हा नव्हती. गाडीत ही युक्ती खालच्या सुरांवर चालते. मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरच्या इंजिनाची घरघर सेकंदाला १०० कंपनांची असते आणि तिची लहर सुमारे साडेतीन मीटर लांब असते, त्यामुळे डोके थोडे हलले तरी कानापाशी मेळ टिकतो. २,००० कंपनांच्या शिटीची लहर १७ सेंटीमीटरची असते; तेथे मान वळवली की हिशेब चुकतो. अशा आवाजासाठी रबर आणि काचच हवी. त्याच चार सिलिंडरच्या इंजिनाचा थरकाप मारण्यासाठी इंग्रज अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०४ मध्ये दुप्पट वेगाने परस्परविरुद्ध फिरणाऱ्या दोन दांड्यांची योजना केली होती. तत्त्व तेच, माध्यम पोलादाचे.

इलेक्ट्रिक गाडीत इंजिनाचा पडदा दूर होतो आणि टायर, वारा, पंप यांचे आजवर झाकलेले आवाज उघडे पडतात, त्यामुळे आतल्या अभियंत्याचे काम उलट वाढते. बाहेरच्या पादचाऱ्याला, विशेषतः दृष्टिहीन व्यक्तीला, हळू येणारी गाडी मात्र कळत नाही. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या १३८ क्रमांकाच्या नियमानुसार ताशी २० किलोमीटर वेगापर्यंत अशा गाडीने किमान ठरावीक आवाज करावा लागतो. त्यापुढे टायरच पुरेसा आवाज करतात.