रोबोटचं राहू द्या, आधी राजीनामा मागे घ्या

नाशिकहून एका ताईंचं पत्र आलंय. वय 43. गर्भाशयमुखाचा कॅन्सर, गाठ दीड सेंटिमीटरची, स्टेज 1बी1, म्हणजे आजार अजून गर्भाशयमुखापुरताच. ऑपरेशन 20 जानेवारीला. हॉस्पिटलने दोन अंदाजपत्रकं दिलीत: पोट उघडून 2.6 लाख, रोबोटने दुर्बिणीतून 5.3 लाख. यजमानांच्या कंपनीची 5 लाखांची आरोग्यविम्याची ग्रुप पॉलिसी आहे, पण रोबोटला तिच्यात अडीच लाखांची मर्यादा. वरचे 2.8 लाख उभे करायला एफडी मोडू की सोनं तारण ठेवू, असा प्रश्न.

ताई, दोन्ही नको. ऑपरेशन कोणतं करायचं हे तुमचे कॅन्सर सर्जन ठरवतील, मी नाही. पण जास्त पैसे मोजले की जास्त चांगले उपचार मिळतात, या हिशेबाने तुम्ही निघाला असाल तर इथे तो उलटा पडतो. 2018 मध्ये पोट उघडून आणि दुर्बिणीतून (रोबोटने किंवा रोबोटशिवाय) या दोन पद्धतींची समोरासमोर तुलना प्रसिद्ध झाली. 33 केंद्रं, 631 बायका, कोणाला कोणतं ऑपरेशन हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. साडेचार वर्षांनी आजार न उलटलेल्या बायका पोट उघडून केलेल्यांत 96 टक्क्यांवर, दुर्बिणीवाल्यांत 86. दुर्बिणीवाल्या गटात मृत्यूही जास्त झाले, म्हणून चाचणी मध्येच थांबवावी लागली. दोन्ही सारख्याच ठरतील, अशी करणाऱ्यांची अपेक्षा होती. कारण नक्की ठरलेलं नाही. गर्भाशय हलवायला आतून घालतात त्या उपकरणावर आणि पोटात भरतात त्या गॅसवर संशय आहे. त्या चाचणीत रोबोटच्या केसेस थोड्या होत्या आणि गाठ लहान असेल तर काय, याचा वेगळा निकाल तिच्यातून लागत नाही, हेही खरं. टाके लहान, रक्त कमी जातं, घरी लवकर जाता येतं, हे फायदे आहेतच. पण त्यासाठी स्वतःच्या खिशातून 2.8 लाख? मी मोजणार नाही.

सर्जनना दोन गोष्टी विचारा. एक, 2018 चे हे आकडे माहीत असूनही माझ्यासाठी रोबोट का? दोन, गाठ दोन सेंटिमीटरच्या आत आहे, तर आजूबाजूचा भागही काढणाऱ्या मोठ्या ऑपरेशनऐवजी नुसती गर्भाशयाची पिशवी काढून भागेल का? 2024 मध्ये 700 बायकांवरचा अभ्यास आला. कमी जोखमीच्या, निवडक केसेसमध्ये तीन वर्षांनी ओटीपोटात आजार उलटण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं, साध्या ऑपरेशनमध्ये अडीच आणि मोठ्यात सव्वादोन टक्के. तुम्ही त्यात बसता का, हे एमआरआय आणि बायोप्सीचा रिपोर्ट बघून तेच सांगतील.

आणि खोली. पॉलिसीत रूम रेंट दिवसाला 5,000 लिहिलंय, तुम्ही 8,000 ची घेणार म्हणता. फक्त वरचे तीन हजार भरायचे, असं नसतं. औषधं, तपासण्या वगैरे सोडून सर्जन, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळं त्याच प्रमाणात कापलं जातं. दोन लाखांवर पाच-अष्टमांश धरले तर 75 हजार गेले. शेअरिंगची खोली घ्या.

एफडीचा विषय इथे संपला. आता पत्राच्या शेवटी तुम्ही जे जाता जाता लिहिलंय ते. "हे 31 जानेवारीला नोकरी सोडताहेत, ठिबकची एजन्सी घ्यायचीय. एजंट नवी पॉलिसी काढून देणार आहेत, फॉर्मवर आजाराचं लिहू नका म्हणाले."

हे वाचून मी हातातला चहा खाली ठेवला.

ग्रुप पॉलिसी बहुतेक कंपन्यांत शेवटच्या कामाच्या दिवशी संपते. 20 तारखेला ऑपरेशन, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट यायला आठ-दहा दिवस. लिम्फच्या गाठींत किंवा काढलेल्या भागाच्या कडांवर काही सापडलं तर रेडिएशन, कदाचित केमो, ते फेब्रुवारी-मार्चमध्ये. खासगीत दोन-तीन लाख सहज. पोट उघडून केलंत तर पॉलिसीत 2.4 लाख शिल्लक राहतात, नेमके याच कामाला. आणि ते तुम्ही 31 ला सोडून देताय! एक एप्रिलला पॉलिसीचं नूतनीकरण होतं म्हणता, म्हणजे तेव्हा पुन्हा पूर्ण 5 लाख. यजमानांना उद्याच एचआरकडे पाठवा, राजीनामा मागे घ्या, निदान वर्षभर. नाहीच जमलं तर महात्मा फुले योजनेत रेडिएशन कुठे होतं याची चौकशी आत्ताच करून ठेवा.

नवी पॉलिसी तुम्हाला बहुधा मिळणारच नाही. मिळाली तरी आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल. लपवून घेतलीत तर बायोप्सीच्या रिपोर्टवर तारीख आहेच. पहिल्याच क्लेमला पॉलिसी रद्द, हप्ताही गेला. एजंटचं कमिशन मात्र तोवर जमा झालेलं असेल. यजमान आणि मुलीसाठी वेगळी 10 लाखांची फ्लोटर, म्हणजे दोघांची एकत्र पॉलिसी, आजच काढा, सगळं खरं लिहून. पुढे नोकरी सोडायची वेळ आली तर सोडण्याआधी याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून देण्याचा लेखी अर्ज करा. देतीलच असं नाही, पण मागायला हवं.

याच एजंटने "दामदुप्पट" प्लॅनही दाखवलाय: वर्षाला एक लाख, दहा वर्षं, विसाव्या वर्षी 20 लाख. व्याज पडतं साडेचार टक्के. पीएफवर सव्वाआठ मिळतंय. ते काढून इथे घालायचे?

एजन्सीचं नंतर बघू. पहिल्या वर्षापासून महिना लाख सुटतील हे मी धरत नाही. ठिबकचा माल उधारीवर जातो, शेतकऱ्याचं अनुदान उशिरा येतं, तोवर पैसा तुमचा अडकतो. पीएफ-ग्रॅच्युइटीचे मिळून 12 लाख, त्यातले 8 मालात. उरलेल्या चारात घर आणि आजारपण?

मुलगी 13 वर्षांची आहे ना? याच कॅन्सरपासून वाचवणारी एचपीव्हीची लस 15 व्या वाढदिवसाआधी सुरू केली तर दोन डोस पुरतात, नंतर तीन लागतात. सीरमची सर्वाव्हॅक चालेल. एफडीला हात न लावता, या महिन्याच्या पगारातून.