रेडिओचा मालक कागदात शोध

प्रिय मित्रा,

‘आमच्या गावचं एफएम आमदारांचं आहे हे शेंबडं पोरही सांगेल, मग छापायला काय हरकत?’ हा तुझा प्रश्न. हरकत अशी की गावाला माहीत असणं म्हणजे पुरावा नव्हे. आणि मुळात नियम मोडलाय का, हे आधी बघ.

खासगी एफएमच्या 2011 च्या धोरणात, राजकीय संघटनेच्या ताब्यातल्या किंवा तिच्याशी संलग्न कंपनीला परवाना मिळत नाही. सामुदायिक रेडिओच्या (संस्थांनी स्थानिक लोकांसाठी चालवलेल्या केंद्रांच्या) 2006 च्या सूचनांनी पक्षांच्या विद्यार्थी, महिला आणि कामगार आघाड्याही वगळल्या. पण बंदी संघटनेवर आहे. आमदाराची बायको किंवा मेहुणा म्हणजे संघटना नव्हे. शिक्षणसंस्थेला तर सामुदायिक रेडिओ रीतसर काढता येतो, आणि आपल्याकडे शिक्षणसंस्थांचे अध्यक्ष कोण असतात हे तुला सांगायला नको. राजकीय पक्षांना आणि त्यांच्या आडून येणाऱ्यांना प्रसारणापासून दूर ठेवा, असं ‘ट्राय’ने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ऑगस्ट 2014 मध्ये सुचवलं, पण तसा कायदा झाला नाही. म्हणून ‘बेकायदा मालकी’ हा मथळा बहुतेकदा कोसळतो. मालकी कोणाची, एवढंच नीट दाखव. वाचकाचा तो हक्कच आहे.

रेडिओवर ऐकू येतं ते नाव सोड, परवाना ज्या कंपनीच्या नावावर आहे ती शोध. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर 100 रुपये भरून तिचे कागद पाहता येतात. वेळ मोजका मिळतो, तेव्हा काय उतरवायचं ते आधीच ठरव. एमजीटी-7 या वार्षिक विवरणपत्रासोबत भागधारकांची यादी असते, डीआयआर-12 या अर्जामध्ये संचालक कधी आले-गेले ते कळतं. भागधारक दुसरी कंपनी निघाली तर तिचेही कागद काढ. इथे नवखे चुकतात: ‘अ’कडे ‘ब’चे 60 टक्के आणि ‘ब’कडे रेडिओ कंपनीचे 51 टक्के असतील, तर गुणाकार 30.6 येतो, आणि बातमीत ‘अल्प हिस्सा’ छापून येतं. प्रत्यक्षात दोन्हीकडे बहुमत आहे, म्हणजे ताबा पूर्ण ‘अ’चा.

शेअर्सपेक्षा कर्ज जास्त बोलतं. एओसी-4, म्हणजे कंपनीने भरलेला वार्षिक हिशेब, त्यातल्या ताळेबंदाच्या टिपा शेवटपर्यंत वाच. तोट्यातल्या कंपनीला विनातारण पैसे कोण देतंय, स्टुडिओची जागा कोणाची, भाडं किती? मग निवडणुकीच्या अर्जासोबत उमेदवार देतो ते नमुना 26 चं शपथपत्र शेजारी ठेव. त्यात पती-पत्नीचे शेअर्स आणि दिलेली कर्जं लिहावी लागतात. तारखा मात्र जुळव: ताळेबंद 31 मार्चचा, शपथपत्र अर्ज भरतानाचं. मधे शेअर्स विकले गेले असतील तर तुझा ‘लपवाछपवी’चा आरोप तुझ्यावरच उलटेल. एकाच नावाची दोन माणसं असतात, म्हणून संचालकाचा डीआयएन (संचालक ओळख क्रमांक), वडिलांचं नाव आणि पत्ता तिन्ही पडताळ. संस्था ट्रस्टची असेल तर धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट 1 चा (ट्रस्टच्या नोंदणीचा) उतारा आणि विश्वस्तांचे बदल अर्ज माग.

शेवटी रेडिओ ऐक, वहीत वेळ टाकून. खासगी एफएमला आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. पण पाणीपुरवठा, वाहतूक, परीक्षांचे निकाल यांना मोकळीक आहे. प्रचार तिथूनच शिरतो. ‘उद्या पाणी येणार नाही’ ही सूचना झाली. ‘साहेबांच्या प्रयत्नांनी पाणी सुरू’ हा प्रचार. दोन्ही किती वेळा वाजलं ते मोज, आणि प्रश्न लेखी पाठवून कंपनीचं उत्तर येईपर्यंत बातमी छापायला देऊ नकोस.

तुझा,
एक जुना बातमीदार