स्क्रिप्टने रिपोर्ट उतरवताना : वाचकांचे प्रश्न

रुग्णालयाच्या संगणक प्रणालीतून रोजचे रिपोर्ट स्क्रिप्टने (ठरलेलं काम आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने) डाउनलोड करण्याबद्दल महिनाभर तेच तेच प्रश्न येत आहेत. त्यातले पाच घेतो.

प्रश्न : ओपीडीचा रिपोर्ट रोज रात्री आपोआप उतरवता येईल का?

येईल. आधी व्हेंडरला (प्रणाली पुरवणाऱ्या कंपनीला) विचारा; ठरल्या वेळी रिपोर्ट मेल करायची सोय बऱ्याच प्रणालींत असते, कुणी चालू केलेली नसते एवढंच.

प्रश्न : सेलेनियमवर (ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या साधनावर) लिहिलेली स्क्रिप्ट प्रत्येक अपडेटनंतर बंद पडते.

स्क्रीनची मांडणी बदलली की जुन्या एक्सपाथवर (पानातल्या जागेच्या पत्त्यावर) बटण सापडत नाही. आयडीवरून (बटणाला कोडमध्ये दिलेल्या नावावरून) शोधा, आणि ‘दहा सेकंद थांब’ऐवजी ‘तक्ता दिसेपर्यंत थांब’ असं लिहा. फाइल उतरली म्हणजे रिपोर्ट आला असंही धरू नका. सेशन (लॉगिनची मुदत) संपलं असेल तर कधी कधी लॉगिनचं पानच एक्सेलच्या नावाने सेव्ह होतं. ओळी मोजून घ्या. एपीआय (स्क्रीनशिवाय थेट प्रणालीकडून माहिती घ्यायची सोय) मिळतो का, हे आयटी विभागाला विचारा.

प्रश्न : सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) एक्सेलमध्ये उघडली की रुग्ण क्रमांकाच्या सुरुवातीचं शून्य जातं, मराठी नावं बिघडतात.

डबल-क्लिक करून उघडू नका. ‘डेटा’ टॅबमधून आणा, यूटीएफ-8 (मराठी अक्षरं नीट वाचणारं एन्कोडिंग) निवडा, क्रमांकाचा रकाना ‘टेक्स्ट’ ठेवा. तारखाही तपासा, 5 जूनचा 6 मे झालेला पटकन लक्षात येत नाही.

प्रश्न : वेगळं लॉगिन मिळायला वेळ लागतो, म्हणून स्क्रिप्टमध्ये मॅडमचं टाकलंय. सगळीकडे असंच चालतं ना?

चालतं, आणि त्याचीच मला सर्वांत जास्त काळजी वाटते. एका रुग्णालयात नोंदणी काउंटरच्या संगणकावर मी अशी स्क्रिप्ट उघडून पाहिली. तिसऱ्या ओळीत वरिष्ठ डॉक्टरांचा पासवर्ड, साध्या अक्षरांत. डाउनलोड्समध्ये आठ महिन्यांच्या फाइली : नाव, मोबाइल, निदान, एचआयव्ही तपासणीचे निकालसुद्धा. आणि त्याच संगणकाला येणारा-जाणारा पेनड्राइव्ह लावत होता. एचआयव्हीच्या माहितीची गोपनीयता 2017च्या कायद्याने बंधनकारक आहे. 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हलगर्जीपणासाठी 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नोव्हेंबर 2022मध्ये सायबर हल्ल्याने दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर बंद पडले, तेव्हा कित्येक दिवस रुग्णांच्या नोंदी हाताने कराव्या लागल्या. तुमच्याकडे त्या लॉगिनवरून एखादी नोंद बदलली गेली, तर लॉगमध्ये (कोणी काय केलं याच्या नोंदीत) मॅडमचंच नाव दिसेल आणि खुलासाही त्यांनाच द्यावा लागेल. त्यांना हे माहीत तरी आहे का?

स्क्रिप्टसाठी स्वतंत्र लॉगिन घ्या, तेवढा एकच रिपोर्ट पाहण्यापुरतं. पासवर्ड विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (पासवर्ड जपून ठेवायच्या सोयीत) ठेवा. फाइल मोजक्या लोकांच्याच फोल्डरमध्ये उतरवा, काम झालं की पुसा, आणि रिसायकल बिनही रिकामा करा. रिपोर्टमध्ये नावाची गरज नसेल तर तो रकाना मागूच नका. ‘वेळ लागतो’ हे कारण मी दर वेळी ऐकतो. अर्ज दिलाय का विचारलं की उत्तर ‘अजून नाही’. वैद्यकीय अधीक्षकांकडे आजच लेखी अर्ज द्या. परवानगी येईपर्यंत स्क्रिप्ट बंद ठेवा आणि मॅडमना पासवर्ड बदलायला सांगा.

प्रश्न : ओटीपी आणि कॅप्चा चुकवणारं सॉफ्टवेअर पाच हजारांत मिळतंय. घ्यावं का?

नाही. विकणाऱ्याने ‘डेमो’साठी तुमचं लॉगिन वापरलं असेल, तर आयटी विभागाला आत्ता फोन करा.