संशोधक निवडताना आधी कच्चा डेटा पुढे ठेवा

कामाचे तास आणि समाधान यांवरच्या सर्वेक्षणासाठी पहिल्यांदाच संशोधक नेमताय, म्हणून सांगते. बायोडेटातली सॉफ्टवेअरची यादी बघून हुरळून जाऊ नका. आर किंवा स्टाटासारखं आकडेवारीचं सॉफ्टवेअर सहा महिन्यांत शिकता येतं, आकड्यांवर संशय घ्यायची सवय मात्र लवकर लागत नाही.

मी मुलाखतीत एक छोटी फाइल देते. आठवड्याचे कामाचे तास, घरकामाचे तास आणि डब्ल्यूएचओ-५ या मानसिक स्वास्थ्याच्या छोट्या प्रश्नावलीची पाच उत्तरं. त्यात मुद्दाम काही ठिकाणी ९९ ठेवते, म्हणजे 'उत्तर दिलं नाही'. एका उमेदवाराने थेट सरासरी काढून दिली. दुसरी थांबली आणि म्हणाली, "इथे उत्तरं ० ते ५ मध्येच हवीत ना? मग हे ९९ काय आहे?" तिलाच घेतलं, आणि तो निर्णय आजही बरोबर वाटतो.

मग एक प्रश्न जरूर विचारा: जास्त तास काम करणारे कमी समाधानी दिसले, तर तासांमुळेच का? चांगला माणूस लगेच उलट शक्यता मांडेल. घरी ताण आहे म्हणूनही कुणी ऑफिसात रेंगाळतं. त्याच लोकांना पुन्हा वर्षाने विचारलं तर काय कळेल, आणि मधल्या काळात कोण गळलं, हेही तो बोलेल. सगळ्यात थकलेलेच बहुधा सर्वेक्षण अर्धवट सोडतात.

पगार, मुदत, डेटाची गोपनीयता हे सगळं जाहिरातीतच स्पष्ट लिहा.