वाचकांचे प्रश्न : उन्हात बांधल्याने लंपीचा विषाणू जळतो का?

प्रश्न : गेल्या वैशाखात आमच्या गोऱ्ह्याला लंपी झाला. अंगावर गाठी उठल्या आणि ताप 105 अंश फॅरनहाइटवर गेला. ‘उन्हाने रोग जळतो’ असे सांगून घरातील वडीलधाऱ्यांनी त्याला चार दिवस भर दुपारी वावराच्या धुऱ्यावर उघड्यावर बांधून ठेवले. माझी मुलगी अमरावतीला बी.एस्सी. करते. प्रयोगशाळेत 40 अंश सेल्सिअसला विषाणूंची वाढ थांबते असे तिने वाचले आहे. मग 45 अंशांच्या उन्हात ती का थांबू नये, असा तिचाही प्रश्न आहे. गोऱ्हा वाचला, पण फार खंगला. यात खरे काय मानावे?
– एक शेतकरी, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : आपल्या मुलीने वाचलेले चूक नाही आणि वडीलधाऱ्यांच्या समजुतीमागेही काही अनुभव आहे, परंतु हवेचे तापमान आणि पेशीच्या आतले तापमान या दोन गोष्टी येथे एक मानल्या गेल्या, आणि त्याचा भार गोऱ्ह्याला सोसावा लागला.

विषाणू स्वतःच्या बळावर वाढत नाही. तो जनावराच्या पेशीत शिरतो, तिच्याच यंत्रणेकडून आपली प्रथिने घडवून घेतो आणि आपल्या प्रती काढतो. त्यामुळे त्याला जे तापमान लाभते ते त्या पेशीचे असते. नवतपात आपल्याकडे पारा 45 अंशांवर असो किंवा पौषात 10 अंशांवर, निरोगी गाय-बैलाच्या शरीरातील तापमान साधारण 38.5 अंश सेल्सिअस, म्हणजे 101 ते 102 अंश फॅरनहाइटच्या आसपास राहते. उन्हात बांधलेले जनावर धापा टाकून आणि घाम गाळून ते टिकवण्याची धडपड करते. ही धडपड अपुरी पडली की शरीर तापते खरे, पण तेव्हा एकट्या विषाणूला झळ लागत नाही. मेंदू, काळीज आणि आतडी यांच्या पेशीही तितक्याच तापतात.

आता पेशीतल्या उष्णतेविषयी. फ्रान्सचे शास्त्रज्ञ आंद्रे ल्वॉफ, ज्यांना 1965 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांनी पोलिओच्या विषाणूवर या प्रश्नाचा बारकाईने अभ्यास केला. 37 अंशांना जोमाने वाढणाऱ्या या विषाणूच्या काही वाणांचे उत्पन्न 40 अंशांच्या जवळ जाताना झपाट्याने घटते. रोग घडवण्याची ताकद असलेले वाण मात्र ही उष्णता बऱ्याच प्रमाणात सोसतात. तोंडावाटे देण्याच्या पोलिओ लशीतील दुबळे केलेले विषाणू 40 अंशांना नीट वाढत नाहीत, आणि लशीचा वाण सुरक्षित आहे की नाही हे पडताळताना हीच खूण उपयोगी पडत असे. एक-दोन अंशांनी एवढा फरक पडण्याचे कारण प्रथिनांच्या घडीत, म्हणजे दुमडून आलेल्या त्यांच्या ठरावीक आकारात आहे. प्रती काढणारे विकर (एन्झाइम) आणि विषाणूचे कवच ही दोन्ही ठरावीक घडी पडलेल्या प्रथिनांची बनलेली असतात. उष्णता थोडी वाढली तरी नव्याने तयार होणाऱ्या प्रथिनाची घडी विस्कटते, आणि पेशीत माल साचला तरी त्यातून धड विषाणू उभा राहत नाही.

लंपीचा विषाणू ज्या मोठ्या कुळातला आहे, त्याच कुळात माणसाच्या देवी रोगाचा विषाणू येतो. कोंबडीच्या उबवत्या अंड्यातील पापुद्र्यावर देवीच्या विषाणूचे फोड साधारण 38.5 अंशांपर्यंतच उठत, तर देवीच्या लशीसाठी वापरला जाणारा विषाणू 41 अंशांच्या जवळपासही वाढे. दिसायला सारखे विषाणू वेगळे ओळखण्यासाठी प्रयोगशाळांनी हा फरक वापरला. एकाच कुळातील भावंडांची मर्यादा जर इतकी निराळी असेल, तर 40 हा आकडा सर्व विषाणूंना लावता येणार नाही. शिवाय प्रत्येक विषाणू आपल्या यजमानाच्या उबेला सरावलेला असतो. माणसाच्या सर्दीचे बहुतेक विषाणू 33 ते 35 अंशांत, म्हणजे नाकाच्या थंड भागात, खुशाल वाढतात. कोंबडीचे शरीर मात्र मुळातच 41 अंशांच्या आसपास असते, म्हणून तिच्या रोगांच्या विषाणूंना ती उष्णता घरचीच असते.

तापाचे मोल मात्र मी कमी लेखणार नाही. ताप म्हणजे मेंदूने मुद्दाम वर नेलेले तापमान. त्याच्या जोडीला प्रतिकारशक्ती कामाला लागलेली असते. पेशी शेजारच्या पेशींना सावध करणारे इंटरफेरॉन सोडत असतात. ऊन लागून चढलेल्या उष्णतेत अशी योजना नसते. उष्णतेने गांजलेली पेशी बिघडलेली घडी सावरणारी मदतनीस प्रथिने मोठ्या प्रमाणात बनवते. तिचा जीव त्यामुळे वाचतो हे खरे, पण कित्येक विषाणू हेच मदतनीस आपल्या प्रथिनांसाठी वापरून घेतात; पोलिओचे कवच तर त्यांतील एकावाचून उभेच राहत नाही. गाईंमध्ये एक नागिणवर्गीय विषाणू मज्जातंतूंच्या गाठीत वर्षानुवर्षे निजलेला असतो आणि शरीरावर ताण आला की जागा होतो. उन्हाचा ताण असल्या प्रसंगी रोग्याच्या बाजूने उभा राहत नाही.

मेंढपाळ वाचकांसाठी आणखी एक बाब येथेच सांगतो. मेंढ्यांच्या निळ्या जिभेच्या रोगाचा विषाणू एका बारीक चावऱ्या माशीच्या पेशींतही वाढतो. माशीचे शरीर हवेबरोबर तापते, त्यामुळे उबदार हवेत तिच्या पोटातला विषाणू लवकर वाढून ती लवकर संसर्ग पसरवण्याजोगी होते. ज्या हवेने मेंढीच्या पेशीत काहीच बदलत नाही, तीच हवा माशीच्या पेशीत विषाणूला बळ देते.

वडीलधाऱ्यांचा अनुभव खरा ठरतो तो पेशीबाहेर. गळून पडलेल्या खपल्यांत लंपीचा विषाणू महिनाभराहूनही अधिक टिकू शकतो आणि अंधाऱ्या, दूषित गोठ्यात कित्येक महिने. थेट सूर्यप्रकाश मात्र त्याला सोसवत नाही. तेव्हा ऊन द्यायचेच असेल तर ते गोठ्याच्या रित्या जमिनीला आणि दाव्यांना द्यावे. आजारी जनावराला पऱ्हाटी-तुराट्यांच्या मांडवाखाली इतर जनावरांपासून वेगळे बांधावे, गार पाणी वारंवार पाजावे, माश्या-गोचिडांचा बंदोबस्त करावा आणि ताप थर्मामीटरने मोजून 1962 या क्रमांकावर पशुवैद्यकाला कळवावा. तापाचे औषध किती आणि केव्हा द्यावे, हे त्यांनाच ठरवू द्यावे.

गोऱ्ह्याच्या सोबतीच्या जनावरांना लस टोचून घेताना एवढे पाहावे की ती बर्फाच्या डब्यातूनच आली आहे. लंपीसाठी आपल्याकडे वापरलेली शेळ्यांच्या देवीची लस जिवंत विषाणूची असते. जनावराच्या पेशीत शिरून थोडी वाढली तरच ती प्रतिकारशक्ती जागवते. 2 ते 8 अंशांबाहेर, मोटारसायकलच्या डिक्कीत दुपारभर राहिलेल्या बाटलीत तो विषाणू पेशीपर्यंत पोहोचण्याआधीच निकामी झालेला असू शकतो. द्रावकात मिसळलेली लस तर आणखी लवकर बिघडते, म्हणून गावातली सारी जनावरे सकाळच्या गारव्यातच एका ठिकाणी आणून ठेवावीत.