आकृतीतला अडथळा जागेवर आहे का?

बो-टाय आकृती म्हणजे एखाद्या धोक्याची कारणे, त्याचे परिणाम आणि त्यांना रोखणारे अडथळे दाखवणारे, बो-टायच्या आकाराचे चित्र. तिच्याविषयी येणाऱ्या बहुतेक पत्रांत एकच समजूत डोकावते, ती म्हणजे आकृती काढून झाली की धोका आटोक्यात आला. त्यामुळे काही निवडक प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : फॉल्ट ट्री आणि बो-टाय यांत फरक काय?

फॉल्ट ट्री ही पद्धत १९६२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत क्षेपणास्त्र-प्रक्षेपणाच्या नियंत्रण यंत्रणेसाठी तयार झाली. तिच्यात एका अनिष्ट घटनेपासून मागे जात ‘आणि’, ‘किंवा’ अशा जोडांनी कारणांचा माग काढतात. बो-टायमध्ये मधोमध ताबा सुटण्याचा क्षण, डावीकडे कारणे, उजवीकडे परिणाम आणि त्या दरम्यान दोन्ही बाजूंना अडथळे असतात.

प्रश्न : मधल्या गाठीत ‘स्फोट’ असे लिहावे का?

नाही, स्फोट हा परिणाम आहे, गाठीत ‘टाकीतून पेट्रोल बाहेर पडणे’ असे लिहावे.

प्रश्न : टाकी भरून वाहू नये म्हणून आमच्या आकृतीत पाच अडथळे आहेत : पातळीमापक, त्यावरचा अलार्म, ऑपरेटरची कृती, प्रशिक्षण आणि लेखी कार्यपद्धती. इतके पुरेत ना?

हे पाच अडथळे नाहीत, हा एकच अडथळा आहे. मापकाने पातळी दाखवायची, अलार्म वाजायचा आणि ऑपरेटरने ऐकून व्हॉल्व्ह बंद करायचा, ही एका साखळीची तीन कडी आहेत. मापक अडकला की तिन्ही एकदम निकामी होतात. प्रशिक्षण आणि कार्यपद्धती त्या साखळीला आधार देतात, पण त्या स्वतः पेट्रोल थांबवत नाहीत. ११ डिसेंबर २००५ रोजी इंग्लंडमधील बन्सफिल्डच्या इंधन डेपोत नेमके हेच दिसले. टाकीचा मापक एका आकड्यावर अडकून राहिला आणि टाकी भरतच गेली. त्याच्यापासून वेगळा असा उच्च पातळीचा स्विच तेथे बसवलेला होता, म्हणजे आकृतीत तो स्वतंत्र अडथळा म्हणून निःशंकपणे दाखवता आला असता; परंतु त्याची चाचणीची दांडी योग्य स्थितीत धरून ठेवणारे कुलूप लावलेले नसल्याने तो चाललाच नाही. एका साध्या कुलपाचे काम काय, हे ते हाताळणाऱ्यांना कळलेले नव्हते! म्हणून मी प्रत्येक चौकटीपाशी चार गोष्टी विचारते : हा अडथळा शेजारच्यापासून खरोखर स्वतंत्र आहे का, तो कोणाच्या जबाबदारीवर आहे, त्याची शेवटची चाचणी कधी झाली आणि तो कशामुळे निकामी होऊ शकतो? उत्तर नसेल, तर ती चौकट तूर्त रिकामी समजावी. तुमच्या टाकीला वेगळा स्विच आणि स्वयंचलित बंद-व्हॉल्व्ह लागेल का, हे मात्र प्रक्रिया-सुरक्षेच्या तज्ज्ञाने प्रत्यक्ष जागा पाहून ठरवावे.

प्रश्न : एक विक्रेता आमच्या उद्योगासाठी तयार आकृत्यांचा संच देऊ करतो. घ्यावा का?

रेखाटनाची सोय म्हणून सॉफ्टवेअर घेण्यास हरकत नाही, परंतु दुसऱ्याच्या कारखान्यातले अडथळे आपल्या आकृतीत उतरवून लेखापरीक्षकाला दाखवणे ही शुद्ध फसवणूक आहे. आकृती ऑपरेटर, देखभालीचे फिटर आणि अभियंते यांनी एकत्र बसून काढावी आणि जाणकाराकडून तपासून घ्यावी.

प्रश्न : जोखीम-तक्त्यात (धोक्याची शक्यता आणि गांभीर्य रंगांनी दाखवणारा तक्ता) हिरवा, म्हणजे कमी जोखमीचा, रंग आला, तर बो-टायची गरज उरते का?

रंग कोणत्या गृहीतावर आला, ते आधी पाहा. अडथळे चालतात असे धरून तो आला असेल, तर गरज आहेच.

प्रश्न : एक इंटरलॉक (धोकादायक स्थितीत यंत्रणा आपोआप थांबवणारी व्यवस्था) काही आठवड्यांपासून बायपास केलेला, म्हणजे तात्पुरता निष्क्रिय केलेला, आहे. वार्षिक शटडाऊनला दुरुस्त करून मगच आकृती सुधारावी, असे सहकारी म्हणतात.

थांबू नका. आजच ती चौकट लाल करा, बायपासला लेखी मंजुरी, मुदत आणि पर्यायी उपाय आहे का ते पाहा, आणि सुरक्षा अधिकाऱ्याला कळवा. दुरुस्ती होईपर्यंत संयंत्र चालवणे योग्य आहे का, याचा निर्णय तुम्ही किंवा सहकाऱ्यांनी आपसांत घ्यायचा नाही. तो अधिकार असलेल्या व्यक्तीने इंटरलॉकच्या अभियंत्याशी सल्लामसलत करून, पुढच्या पाळीच्या आधी घ्यायचा आहे.